भाकरी करायची

"काकू, वाक्य चुकलं," बिराजदार सर म्हणाले.

"नाही चुकलं," आई म्हणाली.

बिराजदार सरांच्या फाडफाड इंग्लिश क्लासमध्ये वाक्य चुकणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती, त्याच जोरावर तर क्लास चालला होता. पण चुकलेलं वाक्य तसंच हातात धरून कुणी उभं राहिलं, असं तोवर झालं नव्हतं. आणि जी बाई उभी होती ती माझी आई होती. मी तिच्याच बाकावर बसलो होतो आणि तिच्या पदराआड जेवढा मावेन तेवढा मावलो होतो.

क्लास आमच्या तासगावात एका बेदाण्याच्या गोदामावर भरायचा. खाली बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असायची, वर आम्हाला व्याकरण. आजही गंधकाचा वास आला की मला क्रियापदं आठवतात.

आई तिथं कशी पोचली ते सांगतो. माझं नाव दिग्विजय. हे नाव ठेवताना घरच्यांनी घाई केली. बी.कॉम. होऊन मी पुण्याला मुलाखती द्यायला जायचो आणि 'टेल मी समथिंग अबाऊट युअरसेल्फ' ह्या पहिल्याच प्रश्नाला परत यायचो. शेवटी अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला क्लास लावला. त्या महिन्यात सरांची स्कीम होती, एका प्रवेशावर घरातल्या एका माणसाला प्रवेश फुकट. अप्पा म्हणाले, "फुकटचं सोडायचं नाही. आईला ने. नाहीतरी रविवारी सकाळी ती काय करते?"

रविवारी सकाळी ती काय करते ते मलाही माहीत नव्हतं, त्यामुळे मी तिला नेलं. क्लासच्या हिशेबात मी विद्यार्थी होतो आणि आई स्कीम होती.

त्या रविवारी सरांनी 'युज्ड टू' घेतलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं, 'पूर्वी होतं, आता नाही.' आणि त्याखाली लाल खडूनं, 'खल्लास.' सरांची शिकवायची पद्धत अशी की एकानं वाक्य म्हणायचं आणि बाकी सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "अँड नाऊ?" मग त्यानं आता काय ते सांगायचं.

तालमीतला धनाजी उठला होता. "आय युज्ड टू ईट टेन एग्ज."

"अँड नाऊ?"

"नाऊ ट्वेंटी."

"धनाजी, ह्यात खल्लास काय झालं?"

"दहा खायचं खल्लास झालं, सर."

सरांनी विचार करून ते मान्य केलं होतं. त्यानंतर आई उठली आणि म्हणाली, "आय युज्ड टू मेक भाकरी."

"अँड नाऊ?" आम्ही ओरडलो. मीही ओरडलो.

"नाऊ, नो."

इथं सर म्हणाले, काकू, वाक्य चुकलं. आणि आई म्हणाली, नाही चुकलं.

"काकू, काल रात्री भाकरी कुणी केली?"

"मी."

"आज दुपारी कोण करणार?"

"मीच."

"मग युज्ड टू कसं येईल? खल्लास कुठं झालंय? साधं वाक्य करा. आय मेक भाकरी. एव्हरी डे."

"दुपारच्या झाल्या की खल्लास," आई म्हणाली. "दोन तासांचा तर प्रश्न आहे. आधी म्हटलं तर चालत नाही का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. व्याकरणात ते उधारी ठेवत नसत.

"बरं, सर, एक विचारू का?" आई म्हणाली. "मराठीत नुसतं 'भाकरी करायची' म्हटलं तर कसं कळणार, पूर्वी करायची की आत्ता करायची?"

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'भाकरी करायची.' मागं सरकून बघितलं. जवळ जाऊन बघितलं. मग डस्टरनं पुसून टाकलं.

"तो मराठीचा दोष आहे, काकू. ते माझ्या फीमध्ये येत नाही. आणि तुमची तर फीच नाही."

"तेच म्हणते," आई खाली बसत म्हणाली. "इंग्रजीत बरं आहे. संपलं की संपलं."

मला वाटलं, डॉक्टरांनी तिला काहीतरी सांगितलंय. क्लास सुटल्यावर रस्त्यात मी विचारलं, "आई, शुगर निघाली का तुझी?"

"माझी कशाला निघेल?"

"मग भाकरी का बंद? चपात्या सुरू करायच्यात?"

"चपात्या पण बंद."

"मग आपण काय खायचं?"

"आपण म्हणजे तुम्ही दोघं," आई म्हणाली. "दिगू, मला नोकरी लागलीय. पाचगणीला, मुलींच्या शाळेत. वसतिगृहाची मेट्रन. राहायला खोली आहे. उद्या हजर व्हायचंय."

मी रस्त्याच्या मधोमध थांबलो. मागून एक बेदाण्याचा टेम्पो आला, त्यानं हॉर्न दिला, मग मला वळसा घालून तो गेला. ड्रायव्हर काहीतरी बोलला. त्याचं बरोबर असणार.

"कुणाला लागलीय?" मी विचारलं.

"मला."

"तू मुलाखत कधी दिलीस?"

"फोनवर. तू झोपला होतास."

"इंग्रजीत?"

"निम्मी. शाळेच्या बाई म्हणाल्या, बारावी चालते, पण पोरी इंग्रजीत बोलतात, तेवढं समजायला पाहिजे. मग विचारलं, आजवर काय करत होता. मी सरांच्या पुस्तकातला पुढचा धडा वाचून ठेवला होता. म्हटलं, आय युज्ड टू मेक भाकरी. त्या बाई हसल्या. म्हणाल्या, अँड नाऊ?"

"मग?"

"मी म्हटलं, नाऊ आय विल कम."

मी पुण्यात ज्या प्रश्नांना घाम फुटून परत येत होतो, त्यातला एक माझ्या आईनं घरातल्या घरात, बहुतेक कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, सोडवला होता. आमच्या घरातून निवड झालेला पहिला उमेदवार फुकटातला निघाला.

"अप्पांना माहीत आहे?"

"सांगून बघितलं. एकदा म्हटलं, मला कंटाळा आलाय. म्हणाले, टीव्ही लाव. परवा म्हटलं, मी जाते. म्हणाले, येताना दही आण."

"मग?"

"मग काय, आणलं दही."

मी ते दही खाल्लं होतं. चांगलं होतं.

"अप्पांनी काही केलंय का, आई?"

"काही नाही."

"मग?"

"वाटी वाजवतात."

आता ही वाटी सांगायला हवी. अप्पा बेदाण्याच्या सौद्यात दर पुकारायचं काम करत. त्यांचा आवाज बाजार समितीच्या पत्र्याच्या शेडसाठी बनला होता आणि आमचं घर दोन खोल्यांचं होतं. 'मीठ दे' असं ते म्हणाले तरी शेजारच्या घरात कुणीतरी मिठाला हात घालत असे. फक्त जेवताना ते बोलत नसत. त्यांना तव्यावरची भाकरी लागायची, एका वेळी एक. ती संपत आली की ते वाटीनं ताट वाजवत. आतून पुढची येई. सगळ्यांचं होईपर्यंत आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी.

"वाटी तर कधीपासून वाजवतात," मी म्हणालो.

"तेच तर," आई म्हणाली. "कधीपासून."

आमच्या गल्लीचं वळण आलं.

"आज इंग्रजीत सांगणार," आई म्हणाली. "मराठीत सांगितलं तर त्यांना ते काम वाटतं. इंग्रजीत सांगितलं तर निदान विचारतील, काय म्हणालीस म्हणून. लग्न झाल्यापासून त्यांनी मला हे कधी विचारलेलं नाही, दिगू. काय म्हणालीस. तेवढं एकदा विचारू दे, मग मी जाते. दुपारची साताऱ्याची गाडी आहे."

"आणि नाही विचारलं तर?"

घर आलं होतं. दार उघडताना म्हणाली, "तुला विचारलं तर तू बरोबर सांग. बाकी काही करू नकोस."

दाराआड एक निळी बॅग होती. ती गेले काही दिवस तिथंच होती आणि मी रोज तिच्यावर माझे मोजे टाकत होतो.

अप्पा हात धुऊन बसले. मीही बसलो. वांग्याची भाजी, कांदा, आमटी. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. हा आवाज मी जन्मापासून ऐकत होतो, पण त्या दिवशी तो कुणीतरी करत आहे असं ऐकू येत होतं. पहिली भाकरी आली. अप्पांनी वाटी वाजवली, दुसरी आली. माझ्या पानात पहिलीच तशीच होती.

"का रे? जेवत का नाहीस?" अप्पांनी विचारलं. शेजारचं कुत्रं उठून बसलं.

"जेवतोय की."

"क्लासात काय शिकवलं आज?"

"भूतकाळ."

"झाला का पाठ?"

"आईचा झालाय."

अप्पांनी तिसऱ्या भाकरीसाठी वाटी वाजवली.

थापण्याचा आवाज थांबला. आई बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं, पण हातात भाकरी नव्हती. अप्पांनी सवयीनं ताट पुढं केलं. ते ताट तसंच हवेत राहिलं.

"आय युज्ड टू मेक भाकरी," आई म्हणाली. सर असते तर त्यांनी उच्चारासाठी टाळ्या वाजवल्या असत्या.

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले. "काय म्हणतीय ही?"

तिला नाही, मला विचारलं. ती माझ्याकडं बघत राहिली. बरोबर सांग, एवढंच तिनं सांगितलं होतं. मी बरोबर सांगितलं.

"भाकरी करायची," मी म्हणालो.

"मग कर म्हणावं की," अप्पा म्हणाले. "तवा तापलाय."

भाषांतरात चूक नव्हती. सरांनी फळ्यावरून पुसलेलं वाक्य आमच्या घरात येऊन बसलं होतं. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजपर्यंत कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. राग नव्हता. टेम्पोवाला मला वळसा घालून गेला, तशी ती आता पुन्हा आत जाणार, परात पुढं ओढणार, आणि येताना दही आणणार, असं मला वाटलं. ती वळलीसुद्धा.

"तशी करायची नव्हे, अप्पा," मी म्हणालो. "मागची करायची."

"मागची म्हणजे? सकाळची?"

"पूर्वीची. पूर्वी करायची. आता नाही."

"आता का नाही? पीठ संपलं?"

"पीठ आहे."

"गॅस संपला?"

"गॅस पण आहे."

"मग काय संपलं?"

फळ्यावरचा लाल खडू तेवढा डोळ्यांपुढं आला.

"खल्लास, अप्पा," मी म्हणालो.

अप्पांनी ताट खाली ठेवलं. वाटी हातातच होती. सौद्यात समोरच्या माणसानं नुसत्या बोटानं खूण केली तरी तो काय म्हणतोय हे त्यांना कळायचं. समोर उभ्या असलेल्या बायकोकडं मात्र ते असं बघत होते, जसं कुणी आपल्या शेडमध्ये परक्या गावचा माल बघावा. त्यांनी बॅग बघितली. बॅगेवरचे माझे मोजे बघितले. मग ते पहिल्यांदाच, शेजारच्या घरी ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलले.

"काय म्हणालीस?"

आई दारातच थांबली होती. ती पूर्ण वळली. इंग्रजीत बोलेल असं मला वाटलं, पण ती मराठीतच म्हणाली.

"मी भाकरी करायचे."

बस. एवढंच. त्यात काही घोटाळा नव्हता. 'मी' लावला की मराठीतही संपलेलं संपलेलंच असतं, हे बिराजदार सरांना सुचलं नव्हतं. मलाही नाही. आम्ही दोघंही फीवाले.

आईनं आत जाऊन गॅस बंद केला, हात धुतले, आणि भाकऱ्यांची बुट्टी बाहेर आणून आमच्या मध्ये ठेवली. मग स्वतःचं ताट घेतलं आणि अप्पांच्या समोर बसली. जेवायला लागली. ती कांदा आधी खाते, हे मला तेव्हा कळलं. मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझी आई जेवताना कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. मी वांग्याकडं बघत राहिलो. वांग्याला ह्यातलं काही नवीन नसावं, असं ते दिसत होतं.

अप्पा जेवत नव्हते. "पाचगणीला?" एवढं त्यांनी विचारलं, तेही तिनं सगळं सांगून झाल्यावर.

"हो."

"मी जेवायचं काय?"

"आज रात्रीपुरत्या भाकऱ्या बुट्टीत आहेत," आई म्हणाली. "उद्याचं तुम्ही बघा."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांनाही विचारा, काय म्हणालात म्हणून," आई म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

अप्पांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता शेड हलणार. पण आवाज आला नाही. वाजायची बंद झालेली घंटा बघावी तसं मी त्यांच्याकडं बघत होतो. त्यांनी वाटी ताटात ठेवली. ती ठेवतानाही वाजली, तर त्यांनी दचकून तिच्यावर हात ठेवला.

मी आईला स्टँडवर सोडलं. बॅग मी उचलली होती. मोजे तिनं घडी करून आधीच काढून ठेवले होते. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "भाषांतर चांगलं केलंस."

"पहिलं चुकलं की."

"पहिलं तुझं चुकलं नाही. ते सगळ्यांचंच चुकतं."

गाडी गेली. मी स्टँडवर बराच वेळ उभा होतो. कंडक्टर नसलेल्या एका रिकाम्या गाडीत जाऊनही बसलो थोडा वेळ. कुठं जायचं नव्हतं.

नंतरचे महिने मी आणि अप्पा जे खात होतो त्याला भाकरी म्हणता आलं नसतं. आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा यायचा, कोकण कायम करपलेलं. अप्पा भाजत आणि मी थापत असे, मग उलट. आईचा फोन आठवड्याला यायचा. ती माझ्याशी बोलायची. अप्पा शेजारी बसून ऐकत, आणि फोन ठेवला की विचारत, "काय म्हणाली?"

मग एका रविवारी मी क्लासला गेलो तर आईच्या जागेवर अप्पा बसलेले. सरांनी खुलासा केला की फुकट प्रवेशाची मुदत वर्षभर आहे आणि माणूस बदलला तरी चालतो. 'युज्ड टू' होऊन गेलं होतं, पण अप्पांनी सरांना ते पुन्हा घ्यायला लावलं. सर नको म्हणत होते. अप्पांनी जरा आवाज चढवला, तेव्हा खालून गोदामवाला वर आला. मग सरांनी घेतलं.

थंडीत आम्ही पाचगणीला गेलो. एसटीत अप्पा सगळा रस्ता पुटपुटत होते. पुढच्या बाकावरच्या बाईंना वाटलं जप चाललाय, त्यांनी अप्पांना नमस्कार केला.

शाळेच्या फाटकाशी आई आली. स्वेटर घातलेला, गळ्यात शिट्टी. मागं पाच-सहा पोरी होत्या, त्या तिच्याशी इंग्रजीत भांडत होत्या आणि ती त्यांना मराठीत उत्तरं देत होती, आणि दोन्ही बाजूंना सगळं समजत होतं. अप्पांनी टोपी काढली. परत घातली. मग वॉचमनलाही ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाले,

"आय युज्ड टू शाऊट."

आई अप्पांकडं बघत राहिली. घाई नव्हती तिला कसलीच.

"अँड नाऊ?" तिनं विचारलं.

अप्पांनी पुढचं वाक्य पाठ केलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी झाडाकडं बघितलं.